कॅज्युअल्टीचा रिव्ह्यू, गाडीवाल्याकडून

सोळा वर्षं प्रायव्हेट अँब्युलन्स चालवतोय. हॉटेलांचे रिव्ह्यू सगळेच लिहितात, मी कॅज्युअल्टीचा, म्हणजे तातडीच्या वॉर्डाचा लिहितो. हायवेलगतचं खाजगी हॉस्पिटल आहे. नाव टाकत नाही, उद्या परत तिथंच पेशंट घेऊन जायचाय.

उपचार कसे आहेत ते मला कळत नाही. मला दार कळतं. नातेवाइकांचा राडा होणार का, हे गाडीमागं किती मोटरसायकली लागल्यात त्यावरनं आधीच ओळखू येतं. मागं एकदा इथं काचा फुटल्या, एका सिस्टरच्या हाताला टाके पडले. त्यानंतर मॅनेजमेंटनं बरंच बदललं.

आता आल्या आल्या पेशंटच्या मनगटाला रंगीत पट्टी बांधतात. लाल असेल तर लगेच आत, पिवळी थोड्या वेळानं, हिरवी असेल तर थांबा. 'आम्ही आधी आलो, त्याला आधी का घेतलं' या भांडणाला भिंतीवर मराठीत उत्तर लिहून ठेवलंय. पेशंटमागं दोनच नातेवाईक, गळ्यात पास. खुर्च्या फरशीला बोल्टनं आवळलेल्या. सलाईन छताच्या हुकाला, म्हणजे हाताला लोखंडी स्टँडच लागत नाही. हे ज्याला सुचलं त्यानं कधीतरी मार खाल्लेला असणार.

पण पैसे वसूल होतात ते निळ्या जाकिटातल्या ताईंमुळं. दर पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर येऊन सांगतात, "सिटी स्कॅनला नेलंय, रिपोर्ट यायचाय." नवीन काही नसलं तर तेही येऊन सांगतात.

पावसाळ्यात मोटरसायकल घसरलेला एक पोरगा आणला होता. गाडीतच मला कळून चुकलं होतं. पाठोपाठ दोन जीप भरून माणसं. सीएमओ मॅडमनी, म्हणजे कॅज्युअल्टीच्या ड्युटीवरच्या डॉक्टरनी, कॉरिडॉरमध्ये तोंड उघडलं नाही. वडील आणि मामाला बाजूच्या खोलीत नेलं. त्या खोलीला दोन दारं आहेत, मॅडम मागच्या दाराजवळ बसल्या. मी सहीचा कागद घेऊन पुढच्या दारात. आधी पाणी दिलं, मग म्हणाल्या, "काका, तुमचा मुलगा गेला." एक्स्पायर नाही, 'सिरीयस आहे' नाही. वडिलांनी हंबरडा फोडला तशी बाहेरची पोरं उठली. गार्ड अंगावर गेले नाहीत, बाजूला उभे राहिले. मामाच बाहेर आला, "खाली बसा रे," म्हणाला. बसली.

आता खटकलेलं. गेटवर २०१० च्या कायद्याचा बोर्ड आहे: डॉक्टर-स्टाफवर हल्ला केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र, मोडतोडीची दुप्पट भरपाई. कायदा ठीक आहे, पण स्ट्रेचर ढकलणारा माणूस बोर्ड वाचत नाही. कायदा लागू होता तरी मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सिव्हिलमध्ये निवासी डॉक्टरला मारलंच, डोळ्याला गंभीर इजा झाली. राज्यभरचे निवासी डॉक्टर रजेवर गेले, तेव्हा एक पेशंट घेऊन मी तीन दवाखाने फिरलोय. नंतर सरकारी दवाखान्यांत राज्य सुरक्षा महामंडळाचे जवान आले. जवान पाहिजेतच, पण ते येईपर्यंत भांडण पेटलेलं असतं.

दुसरं, 'आधी डिपॉझिट भरा' म्हणणारी खिडकी बरोबर कॅज्युअल्टीच्या तोंडावर आहे. ती कुठंतरी आत न्या हो. निम्मे आवाज तिथंच चढतात.

सिस्टरच्या टेबलाखाली बेल आहे, दाबली की गेटवर दिवा लागतो. रात्री गार्ड चहाला गेला की दिवा एकटाच लुकलुकतो.

पाचपैकी साडेतीन तारे. दीड तारा रात्रीचा कापला, कारण ताईंची ड्युटी दहाला संपते. मागच्या शनिवारी विषबाधेची केस नेली होती. डॉक्टर एक, पेशंट सहा. अडीचपासून चारपर्यंत आत डोकावून बाहेरच्यांना "पोटातलं काढतायत, थांबा" हे सांगायला मीच होतो, आणि माझं भाडं तासावर नाही.