बाहेरून बसवलेलं सिक्वेन्शियल सीएनजी किट: पैसे कधी वसूल होतात, काम कुठे फसतं

महिन्याला किमान हजार किलोमीटर फिरणारी, वॉरंटी संपलेली, साध्या एमपीएफआय (इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरच्या वाटेवर पेट्रोलचा वेगळा इंजेक्टर असलेल्या) इंजिनाची पेट्रोल गाडी असेल आणि रोजच्या वाटेवर सीएनजीचा पंप असेल, तर सिक्वेन्शियल, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला आळीपाळीने वेगळा गॅस सोडणारं, सीएनजी किट बसवून घ्यावं. जुन्या गाडीचा पेट्रोलचा खर्च उतरवायला याहून खात्रीचा उपाय नाही. पेट्रोलच्या नळीला लावायची चुंबकं, टाकीत टाकायच्या गोळ्या, ‘ॲव्हरेज वाढवणाऱ्या’ चिप यांवर एक रुपयाही घालू नका. पण नुसतं किट चांगलं असून भागत नाही. तेच किट एकाने बसवलं तर वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही, दुसऱ्याने बसवलं तर दर महिन्याला गॅरेज दाखवतं. म्हणून इथे ब्रँडपेक्षा फिटिंगबद्दलच जास्त लिहिलं आहे.

आधी हिशोब. २०२५ मध्ये मुंबईत पेट्रोल १०३ रुपये लिटरच्या आसपास आणि सीएनजी ८० रुपये किलोच्या आसपास होता. शहरात लिटरला १५ किलोमीटर देणारी छोटी गाडी गॅसवर किलोला साधारण २० देते, कारण एका किलो गॅसमध्ये लिटरभर पेट्रोलपेक्षा जास्त ऊर्जा असते. म्हणजे किलोमीटरला पेट्रोलवर ६ रुपये ८७ पैसे, गॅसवर ४ रुपये. फरक २ रुपये ८७ पैशांचा. त्यातून गाडी सुरू करताना जळणारं पेट्रोल, प्लग, गॅस फिल्टर, सिलिंडरची तपासणी वजा केली की हातात अडीच रुपये उरतात. किट, फिटिंग आणि आरटीओचं काम मिळून ६० हजार गेले असं धरलं तर २४ हजार किलोमीटरला पैसे वसूल. महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याला दोन वर्षं लागतात, चारशे चालवणाऱ्याला पाच. चारशेवाल्याने या फंदात पडूच नये. आपल्या पंपाचे भाव आणि आपल्या गाडीचं खरं ॲव्हरेज घालून हे गणित आधी कागदावर करा. फिटरच्या दुकानात ऐकवलं जाणारं ‘किलोला ३०’ हिशोबात धरू नका. महाराष्ट्राने १ एप्रिल २०२२ पासून नैसर्गिक वायूवरचा व्हॅट १३.५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला, हा फरक टिकण्यामागचं ते एक मोठं कारण आहे.

कुठल्या गाडीला बसवू नये तेही सांगायला हवं. टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनाच्या वाटेला जाऊ नका. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोलच्या इंजेक्टरचं टोक थेट ज्वलनकक्षात असतं आणि वाहतं पेट्रोलच त्याला थंड ठेवतं; गॅसवर ते भाजून निघतं. बीएस-६ गाड्यांना किट बसवायची परवानगी केंद्राने ऑगस्ट २०२२ मध्ये दिली, पण ते किट त्या गाडीसाठी एआरएआय किंवा आयकॅटसारख्या वाहन-तपासणी संस्थेकडून मंजूर झालेलं असावं लागतं. ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ असं म्हणणाऱ्या दुकानातून सरळ बाहेर पडा.

आता किटमध्ये काय येतं ते पाहू. डिकीत बसणारा लोखंडी सिलिंडर, बहुतेक वेळा ६० लिटर पाण्याच्या मापाचा. त्यात गॅस मात्र आठ-साडेआठ किलोच बसतो, दुपारच्या उन्हात त्याहून कमी. तिथून बॉनेटपर्यंत हाय प्रेशरचा पाइप, भरायचा व्हॉल्व्ह, २०० बारचा दाब दोन बारच्या आसपास आणणारा रिड्यूसर, फिल्टर, गॅसचे इंजेक्टर असलेली रेल, मॅप सेन्सर (दाब मोजणारा), किटचा ईसीयू (गॅस किती सोडायचा ते ठरवणारा छोटा संगणक) आणि डॅशबोर्डवरचं बटण. लोव्हाटो, बीआरसी, टोमासेट्टो ही इटालियन नावं बाजारात चांगली चालतात, म्हणूनच त्यांची नक्कलही निघते. रिड्यूसर आणि रेलवरचा अनुक्रमांक बिलावर लिहून घ्या आणि पाकीट आपल्यासमोर उघडायला सांगा. मिक्सर लावलेलं, म्हणजे गॅस आधीच हवेत मिसळून सोडणारं, जुन्या पद्धतीचं किट अजूनही कुठेकुठे अर्ध्या किमतीत गळ्यात मारतात. एमपीएफआय गाडीला ते घेऊ नका: बॅकफायर झाला, म्हणजे मिश्रण मागच्या मागे पेटलं, की एअर फिल्टरची पेटी फुटते.

फिटिंगमधली सगळ्यात नाजूक जागा म्हणजे इनटेक मॅनिफोल्डला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या जुडग्याला) पाडायची भोकं. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरच्या वाटेला पेट्रोल इंजेक्टरच्या शक्य तितक्या जवळ साधारण पाच मिलिमीटरचं भोक पाडून, आटे काढून त्यात पितळी नोझल बसवतात. मॅनिफोल्ड खाली उतरवूनच हे भोक पाडलं पाहिजे. घाईतला फिटर ते गाडीवरच, ड्रिलच्या बिटाला ग्रीस फासून पाडतो आणि ‘कीस ग्रीसला चिकटतो’ म्हणून सांगतो. सगळा कीस चिकटत नाही. उरलेला व्हॉल्व्हच्या सीटवर जाऊन बसतो आणि महिन्या-दोन महिन्यांत एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन उतरतं. गाडी द्यायच्या आधीच ‘मॅनिफोल्ड खोलणार का?’ एवढं विचारा. उत्तर नाही असेल तर दुसरं दुकान बघा. मॅनिफोल्ड प्लास्टिकचा असेल तर आटे कमजोर राहतात, तिथे थ्रेडलॉक (आटे घट्ट धरणारा गोंद) लावलाच पाहिजे. रेलपासून नोझलपर्यंतच्या रबरी नळ्या आखूड आणि सगळ्या सारख्याच लांबीच्या हव्यात. एक वीतभर आणि दुसरी हातभर असली तर सिग्नलला उभी गाडी थरथरते, आणि नंतर कितीही ट्यूनिंग केलं तरी ते जात नाही.

रिड्यूसरलाही तेवढंच महत्त्व आहे. दाब एकदम उतरला की गॅस गारठतो, म्हणून रेडिएटरचं गरम पाणी रिड्यूसरमधून फिरवतात. रिड्यूसर रेडिएटरच्या पाण्याच्या पातळीखाली, बॉडीला घट्ट बसवलेला असावा, इंजिनाला टांगलेला नसावा. फिटिंगनंतर पाण्यातली हवा नीट काढली नाही तर बॉनेटखाली रिड्यूसरवर पांढरं दव गोठलेलं दिसतं आणि गाडी झटके देत पेट्रोलवर येते. फिटर त्यावर ‘गॅसमध्ये ऑइल आलंय’ म्हणून बोट पंपाकडे दाखवेल. आधी कूलंटची पातळी बघा. गॅसवर जाण्याचं तापमान ४० अंशांच्या आसपास ठेवायला सांगा. पटकन गॅसवर जावी म्हणून ते २५ वर ठेवलं की सकाळी पहिल्याच चौकात गाडी बंद पडते.

हाय प्रेशरचा पाइप सायलेन्सरपासून लांब, अर्ध्या-पाऊण मीटरवर क्लॅम्प मारून आणि दोन्ही टोकांना एखाद-दोन वेढे देऊन नेलेला असावा. हे वेढे धक्के खातात. सरळ ताणलेला पाइप खड्ड्यांच्या रस्त्यावर जोडाजवळ तडकतो. सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर गॅस बाहेर नेणारी पिशवी आणि गाडीखाली उघडणाऱ्या दोन नळ्या हव्यातच. पेट्रोल इंजेक्टरच्या वायरी कापून जिथे जोड दिले आहेत तिथे सोल्डर आणि वर हीट-श्रिंक नळी बघा. नुसती पिळून टेप गुंडाळली असेल तर पहिल्या पावसाळ्यात मिसिंग (इंजिन मधूनमधून ठोके चुकवणं) सुरू होणार. गाडी ताब्यात घेताना सिलिंडर पूर्ण भरून, प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून आपल्या डोळ्यांदेखत तपासणी करून घ्या.

ट्यूनिंग म्हणजे लॅपटॉप लावून उभ्या गाडीचं ऑटो-कॅलिब्रेशन, एवढंच बऱ्याच ठिकाणी होतं. ते अर्धंच काम आहे. गाडी रस्त्यावर आधी पेट्रोलवर, मग गॅसवर, त्याच गिअरमध्ये अडीच-तीन हजार आरपीएमला चालवून इंजेक्शनचा वेळ जुळवावा लागतो. गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारा साधा ओबीडी स्कॅनर लावून गॅसवर फ्युएल ट्रिम (इंजिन इंधन किती कमी-जास्त करून घेतंय तो आकडा) बघा: दहा टक्क्यांच्या आत वर-खाली असेल तर ठीक. पी-०१७१ हा कोड आला तर मिश्रण पातळ (इंधन कमी), पी-०१७२ आला तर दाट (इंधन जास्त). हजार किलोमीटरनंतर पुन्हा ट्यूनिंग करून देणार, असं बिलावरच लिहून घ्या.

ताकद कमी होते, दहा टक्क्यांच्या आसपास. गॅस हवेची जागा खातो, त्याला इलाज नाही. चार माणसं आणि एसी घेऊन बोरघाट किंवा खंबाटकी चढायचा असेल तर खुशाल पेट्रोलचं बटण दाबा. डिकी गेली हे वेगळं सांगायला नको. मागे सत्तर किलोच्या आसपास वजन कायमचं वाढतं, म्हणून मागच्या टायरमध्ये दोन-तीन पीएसआय जास्त हवा ठेवा.

गॅसवर ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. प्लगची फट ०.७ ते ०.८ मिलिमीटरवर आणा आणि दर दहा हजार किलोमीटरला बघा. थकलेला प्लग तसाच चालवला तर पुढचा खर्च इग्निशन कॉइलचा असतो. गॅस कोरडा जळतो, त्यामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट झिजते आणि टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची) फट कमी होत जाते. वीस-पंचवीस हजारांना ती मोजून घेतली नाही तर व्हॉल्व्ह पुरता बंद होत नाही, जळतो आणि हेडचं काम निघतं. टाकीत पाव टाकी पेट्रोल कायम ठेवा. बऱ्याच गाड्यांत गॅसवरही पेट्रोल पंप फिरत राहतो आणि पेट्रोलच नसेल तर तापून जळतो. आठवड्यातून दहा किलोमीटर गाडी मुद्दाम पेट्रोलवर चालवली की इंजेक्टरही तुंबत नाहीत.

पंप निवडतानाही डोळे उघडे हवेत. पाइपलाइनवरच्या ऑनलाइन किंवा मदर स्टेशनवर पूर्ण २०० बार मिळण्याची शक्यता जास्त. टेम्पोवर कॅस्केड (भरलेल्या मोठ्या सिलिंडरांचा संच) आणून चालवलेल्या डॉटर स्टेशनवर शेवटाकडे प्रेशर उतरतं आणि रांगेत अर्धा तास घालवून पाच-सहा किलोच बसतो. रात्री उशिरा किंवा पहाटे भरा.

कागदांत कसर नको. किटच्या मंजुरीची प्रत, सिलिंडरचं प्रमाणपत्र आणि त्याच्या मानेवर कोरलेला क्रमांक जुळवून बघा. मग आरटीओतून आरसीवर पेट्रोल/सीएनजी अशी नोंद करा आणि विमा कंपनीला लेखी कळवा: किटच्या किमतीच्या ४ टक्के आणि थर्ड पार्टीचे ६० रुपये एवढाच वाढीव हप्ता बसतो. तो वाचवायला नोंद टाळली तर अपघातानंतर दावा अडकतो. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी, नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोने (स्फोटकं आणि दाबाच्या सिलिंडरांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेने) मान्यता दिलेल्या केंद्रातच करायची असते. सिलिंडर काढून, पाण्याने दाबून, पुन्हा बसवायला एक-दोन दिवस जातात. तारीख उलटायच्या पंधरा दिवस आधी नंबर लावा. बॉनेटखालच्या प्लेटवर जुनी तारीख दिसली की पंपावर नोझल लावत नाहीत.