मागच्या पाट्यांचे बुश: रबर की पीयू?

मागचा पाटा (लीफ स्प्रिंग) गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या हलत्या कडीपाशी, म्हणजे शॅकलपाशी, पहार अडकवून उचलली आणि पाटा जागचा हलला, की त्याच्या जोडांमधल्या मऊ नळ्या, म्हणजे बुश, गेले. मग गॅरेजवाला एकच विचारतो, रबर टाकू की पीयू (पॉलियुरेथेन, रबरापेक्षा कडक)? जुन्या थारवर मी दोन्ही वापरले आहेत. २०२० नंतरच्या थारला मागे कॉइल स्प्रिंग आहेत, तिचा हिशेब वेगळा.

पीयूचा फरक पहिल्याच दिवशी कळला, हे मान्य करायला हवं. कसारा घाटात वळणावर मागची बाजू किंचित उशिरा यायची, ती गाडीबरोबर यायला लागली. सामान भरलेलं असलं तरी गाडी ठाम. शिवाय तेलाने रबर फुगतं, मऊ पडतं. पीयू तिथे बराच टिकाव धरतं. बसवायलाही सोपं, दोन अर्धे हाताने आत जातात.

पण आवाज! रबर बसल्या जागी पीळ खातं, पीयू बुशमधून जाणाऱ्या पिनवर फिरतं. म्हणून त्याला ग्रीस हवंच, तेही सिलिकॉनचं. पावसाळ्यात हरिहरला जायला निरगुडपाड्यापर्यंत दोन-तीन फेऱ्या झाल्या की माझं ग्रीस धुऊन जायचं. मग पहाटे साडेचारला सोसायटीच्या गेटवरच्या स्पीडब्रेकरपासून कुईं-कुईं सुरू. मागे बसलेली आई एकदा म्हणाली, "काही मोडलंय का रे गाडीचं?" मोडलेलं काहीच नव्हतं. पण त्या दिवसापासून तो आवाज माझ्या कानातून गेला नाही. खोलून बघितलं तर ग्रीस आणि माती मिळून काळा लेप झालेला, बोटाला वाळूसारखा लागणारा, आणि पिनवर बारीक चरे. एका बाजूला बुशच्या तीन जागा, दोन्हीकडच्या मिळून सहा. एका पावसाळ्यात हे सगळं खोलून, पुसून ग्रीस भरायचं काम मी तीनदा केलं.

रबर लवकर चिरतं, हे खरं. पण ते बऱ्याचदा चुकीच्या आवळण्यामुळेही चिरतं. गाडी जॅकवर आणि चाकं लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळले, तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं. आधी चाकं जमिनीवर टेकवा, गाडीचं वजन पाट्यांवर येऊ द्या, मगच शेवटचं आवळा. गॅरेजमध्ये स्वतः उभं राहून एवढं करून घ्या.

तुमचं फिरणं बहुतेक हायवेवर, मागे नेहमी ओझं, आणि ग्रीस भरायचा कंटाळा नसेल, तर पीयूला मी नको म्हणणार नाही. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात गाडी घालणाऱ्याने मात्र, मला वाटतं, जरा विचार करावा.

मी मे महिन्यात सहाही जागी कंपनीचे रबराचे बुश टाकले. जुलैत भर पावसात पेठ रोडने सावळघाट उतरलो, आई मागेच होती. पेठ येईपर्यंत तिला झोप लागली होती.