शॉर्टकट व्हायरस काढला, त्यानंतरचे सात-आठ महिने

घरचा डेस्कटॉप विंडोज १० चा. त्यावर सासरे लग्नपत्रिका, स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल असं मराठी टायपिंगचं काम करतात. त्यामुळे आमच्याकडे लोक मजकूर पेनड्राइव्हवर घेऊन येतात आणि पेनड्राइव्हवरच घेऊन जातात. व्हायरस तिथूनच आला. तो काढून आता सात-आठ महिने झाले, रोज नवे पेनड्राइव्ह लागतायत, तरी पुन्हा काही शिरलेलं नाही. सॉफ्टवेअरवर एक रुपयाही गेला नाही. मात्र याचं श्रेय मी कुठल्या एका अँटिव्हायरसला देणार नाही, ते का ते पुढे येईलच.

पेनड्राइव्ह उघडल्यावर आत फाइली दिसत नव्हत्या. पेनड्राइव्हच्याच नावाचा एक शॉर्टकट तेवढा होता. त्यावर डबल-क्लिक केलं की सगळ्या फाइली नीट उघडायच्या, म्हणून कुणाला संशय येत नाही. खऱ्या फाइली एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ढकललेल्या असतात. शॉर्टकट आधी व्हायरसची स्क्रिप्ट चालवतो आणि मग ते फोल्डर उघडून दाखवतो. पूर्वी ऑटोरनमुळे पेनड्राइव्ह लावताक्षणीच व्हायरस चालू व्हायचा. विंडोज ७ मध्ये ती वाट बंद झाली, २०११ मध्ये एक्सपी आणि व्हिस्टालाही तसं अपडेट आलं. तेव्हापासून या जातीच्या व्हायरसला माणसाचा एक क्लिक लागतो आणि तो मिळवायला हा शॉर्टकट असतो.

लक्षण कळलं ते पंख्यावरून. काहीही उघडलेलं नसताना सीपीयूचा पंखा घरघरत राहायचा आणि काय काय चालू आहे ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला की शांत व्हायचा. आपल्या विजेवर दुसऱ्यासाठी क्रिप्टोचं नाणं काढणारे मायनर अनेकदा असेच वागतात: टास्क मॅनेजर दिसला की काम थांबवतात, तो बंद झाला की पुन्हा सुरू.

विंडोजमधलाच अँटिव्हायरस डिफेंडर मात्र सगळं ठीक असल्याची हिरवी खूण दाखवत होता. हे कोडं सुटलं ते त्याच्या सेटिंगमध्ये, एक्सक्लूजन्स या यादीत. जिथे शोधू नये अशा जागा तिथे लिहिलेल्या असतात. आमच्या यादीत सबंध सी ड्राइव्ह होता! व्हायरसने आत शिरून पहिल्यांदा पहारेकऱ्याचे डोळे बांधले होते. कुठलाही स्कॅन करण्याआधी ही यादी बघा, असं मी भेटेल त्याला सांगते. आपण स्वतः काही घातलेलं नसेल तर ती रिकामीच असायला हवी.

मी ती नोंद काढली, मशीन रिस्टार्ट केलं, तर नोंद परत हजर. म्हणजे तिला पुन्हा बसवणारं काहीतरी अजून चालू होतं. ते सापडलं मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातल्या ऑटोरन्स या मोफत प्रोग्रॅममध्ये. विंडोजसोबत आपोआप सुरू होणारी प्रत्येक गोष्ट तो दाखवतो, आणि मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवायचा पर्याय निवडला की यादी वाचण्याजोगी होते. अर्थहीन नावाचं एक शेड्यूल्ड टास्क, म्हणजे ठरावीक वेळी आपोआप चालणारं काम, स्क्रिप्ट चालवत होतं. ते बंद केलं, एक्सक्लूजन पुन्हा काढलं, डिफेंडरची अपडेट घेतली, नेटची वायर काढली आणि मग डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावला. हा स्कॅन विंडोज सुरू होण्याआधी चालतो, त्यामुळे व्हायरसला लपायला जागा राहत नाही. त्याने फाइली पकडल्या. नंतर मालवेअरबाइट्स या दुसऱ्या अँटिव्हायरसच्या मोफत आवृत्तीने एकदा तपासलं. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या, २०१७ मध्ये सुरू झालेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरही मोफत साधनं मिळतात. 'शॉर्टकट व्हायरस रिमूव्हर' असल्या नावाचं काहीतरी भलत्याच साइटवरून उतरवण्यापेक्षा तिथे जाणं कितीतरी बरं.

पासवर्ड सगळे बदलले, पण फोनवरून. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड चोरणारा भाग अशा व्हायरससोबत येऊ शकतो, म्हणून बँक आणि ईमेल आधी. खरं तर फॉरमॅट हाच सगळ्यात पक्का उपाय. नेटबँकिंग या मशीनवर होत असतं तर मी तोच केला असता. इथे डोंगलवर (यूएसबीत लावायच्या परवान्याच्या किल्लीवर) चालणारं टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि वर्षानुवर्षांचे फॉन्ट पुन्हा बसवणं अवघड होतं.

इतके महिने ज्याने खरं राखलं तो बदल अगदी साधा आहे. सासऱ्यांचं रोजचं खातं आता स्टँडर्ड, म्हणजे मर्यादित अधिकारांचं आहे, अ‍ॅडमिनचं खातं वेगळं आणि त्याचा पासवर्ड माझ्याकडे. एक्सक्लूजन घालायला अ‍ॅडमिनचा अधिकार लागतो. चुकून स्क्रिप्ट चाललीच तरी तिला डिफेंडर गप्प करता येत नाही. मध्यंतरी एका गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमध्ये तसाच शॉर्टकट आला. पेनड्राइव्ह लावल्या लावल्या डिफेंडरने तो उचलला. लपलेल्या फाइली मी अ‍ॅट्रिब आज्ञेने बाहेर काढून त्यांना परत दिल्या.

त्रास आहेच. प्रिंटरचा ड्रायव्हर अपडेट करायचा झाला की सासऱ्यांचा मला ऑफिसात फोन येतो, "अगं, परत पासवर्ड मागतोय." अनोळखी प्रोग्रॅमना आपल्या फाइली बदलू न देणारा कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस चालू केला तर जुने प्रोग्रॅम डॉक्युमेंट्समध्ये फाइल सेव्ह करेनात, एकेकाला परवानगी द्यावी लागली. आणखी एक: फाइलींची एक्स्टेन्शन्स दाखवायचा पर्याय सुरू केला तरी शॉर्टकटचं एक्स्टेन्शन दिसत नाही. म्हणून सासऱ्यांना 'टाइप'चा रकाना बघायला शिकवलं. आता ते आधी तो वाचतात, मगच क्लिक करतात. बॅकअपची हार्ड डिस्क रविवारी जोडतो आणि काम झालं की काढून कपाटात ठेवतो.

प्रश्न उरलाय विंडोज १० चा. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आमचा प्रोसेसर विंडोज ११ ला चालत नाही. डिफेंडरच्या व्हायरस-व्याख्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहणार आहेत, पण त्याने विंडोजमधली भोकं बुजत नाहीत. म्हणून ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केली आहे. त्यानंतर हा डेस्कटॉप नेटवरून काढून फक्त टायपिंगला ठेवायचा, असं सासऱ्यांशी बोलून ठरवलंय.