नगरपरिषदेची ऑनलाइन बांधकाम परवानगी : चौदा महिन्यांनंतरचा अनुभव

आधी थोडक्यात सांगते. पोर्टल चालतं. अर्ज जातो, चालान भरलं जातं, एसएमएस येतात. गाडी अडते ती त्यानंतर, अर्ज माणसाच्या टेबलावर पोचला की. कोकणातल्या एका किनारी नगरपरिषदेत आईच्या घरासाठी आम्ही 7 ऑक्टोबर 2024 ला अर्ज केला आणि परवानगी हातात पडली 23 मे 2025 ला. मधले 228 दिवस कुठे गेले, ते अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला कळायला हवं म्हणून लिहिते आहे.

घर जुनं, चिऱ्याचं. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात अर्धं छप्पर गेलं, मागची भिंत फुगली. त्यानंतरचे पाच पावसाळे आईनं पत्र्याखाली काढले. वासे इतके खचले होते की कौलं परत चढवण्यात अर्थ नव्हता. म्हणून जुनं पाडून 110 चौरस मीटरचं तळमजल्याचं साधं घर बांधायचं ठरलं. जागा चार गुंठे, आईच्या एकटीच्या नावावर, कसलाही वाद नाही. डिसेंबर 2020 च्या राज्याच्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीत 300 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांना झटपट परवानगीची सवलत आहे. आमची जागा त्याहून मोठी, म्हणून नेहमीचीच वाट.

अर्ज आर्किटेक्टच्या लॉगिनमधून जातो. नकाशा संगणकावर ठरलेल्या लेअरमध्ये (थरांमध्ये) काढावा लागतो, आणि पडवी कुठल्या लेअरमध्ये घालायची यात आमच्या आर्किटेक्टची एक अख्खी संध्याकाळ गेली. ते होऊन दुसऱ्या प्रयत्नात नकाशा पास झाला. एवढ्या भागाबद्दल माझी तक्रार नाही. फक्त सगळं ऑनलाइन भरल्यावरही 'कागदी फाइलचे दोन संच आणून द्या' असा निरोप आला. दिले.

मग शांतता. आठवडाभरात विधानसभेची आचारसंहिता लागली आणि जाईन तेव्हा तेच उत्तर : "ताई, आचारसंहिता आहे ना." स्वतःच्या घराच्या नकाशाचा आणि आचारसंहितेचा काय संबंध, ते मला कुणी सांगू शकलं नाही. नगरपरिषदेवर तेव्हा प्रशासक, त्यामुळे गाऱ्हाणं घेऊन जायला वॉर्डाचा नगरसेवकही नाही.

नगररचना कायदा 1966 चा. त्याच्या कलम 45 प्रमाणे 60 दिवसांत निर्णय कळवला नाही, तर नियमात बसणाऱ्या प्रस्तावाला परवानगी मिळाली असं मानलं जातं; हीच मानीव परवानगी. ऐकायला छान आहे. पण हे 60 दिवस अर्जापासून किंवा त्रुटीपत्राला दिलेल्या उत्तरापासून मोजतात. खरी गोम इथे आहे. आमचं पहिलं त्रुटीपत्र 52 व्या दिवशी आलं. त्रुटी दोन : नकाशावर उत्तर दिशेचा बाण ठळक नाही, आणि घरपट्टीची चालू पावती जोडलेली नाही. ती पावती त्याच इमारतीत, दोन टेबलं सोडून मिळते. आम्ही 9 डिसेंबरला उत्तर दिलं आणि घड्याळ पुन्हा शून्यावर गेलं.

दुसरं त्रुटीपत्र 57 व्या दिवशी, 4 फेब्रुवारीला. आता सीआरझेड, म्हणजे समुद्रकिनाऱ्याजवळच्या बांधकामांवरचे केंद्राचे नियम. सागरी किनारा प्राधिकरणाची शिफारस आणा म्हणे. त्याच्याच 18 जानेवारी 2019 च्या अधिसूचनेत स्पष्ट लिहिलंय की स्वतःला राहण्यासाठी 300 चौरस मीटरपर्यंतचं बांधकाम असेल, तर प्राधिकरणाच्या शिफारशीची गरज नाही. स्थानिक संस्थेनंच अधिसूचनेशी ताडून मंजुरी द्यायची. ते पान आम्ही 17 फेब्रुवारीला उत्तरासोबत जोडलं. आमचं घर किनाऱ्यापासून किती आत आहे हे पहिल्याच दिवशी नकाशावर दिसत होतं. ही शंका ऑक्टोबरात का आली नाही?

12 मार्चला माहिती अधिकारात फाइल बघायला मागितली. 9 एप्रिलला ती समोर आली. टिपणीच्या पानावर 20 फेब्रुवारीला हिरव्या शाईत दोनच शब्द होते, 'चर्चा करावी', खाली आद्याक्षरं. त्याखालची नोंद 2 एप्रिलची : अभिप्रायासाठी जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयाकडे. मधले 41 दिवस चर्चा झाल्याची एक ओळ नाही. ते पान बघून मला रडू आलं, कारण त्याच 41 दिवसांत मी सहा वेळा त्या टेबलासमोर उभी राहिले होते आणि दर वेळी 'वर गेलीय' असं ऐकलं होतं.

18 एप्रिलला उत्तरानंतरचे 60 दिवस भरले. मी मानीव परवानगीचं विचारलं. लिपिक भाऊसाहेब म्हणाले, "कायद्यात असेल ताई, पण शिक्क्याच्या नकाशाशिवाय बँक कर्जाचा हप्ता सोडेल का?" ते खरंच होतं. बँकेत विचारलं तर त्यांना मंजूर नकाशाच हवा. म्हणजे मानीव परवानगीचा उपयोग रोख पैसे असणाऱ्यालाच. कलम 47 खाली अपील आदेशाविरुद्ध करायचं. आमच्याकडे नकारही नव्हता, मग अपील कशाविरुद्ध करणार?

न्यायानं बोलायचं तर पैसे कुणी मागितले नाहीत. बांधकाम विभागात एकच कनिष्ठ अभियंता, पाण्याची लाइन फुटली तरी तोच पळतो. त्याच्यावर माझा राग नाही. पण त्रुटी हप्त्याहप्त्यानं काढायला जास्त माणसं लागत नाहीत आणि एकदम काढायलाही लागत नाहीत.

परवानगी आली आणि दोनच दिवसांत पाऊस कोकणात पोचला. चिरेखाणीत पाणी भरलं, माल बंद. सहावा पावसाळा आईनं पत्र्याखालीच काढला. पाया ऑक्टोबरात खणला, जोत्यापर्यंत काम नोव्हेंबरात आलं.

नव्यानं अर्ज करणाऱ्यांनी प्रत्येक कागदाची तारखेची पोच घ्या. 'सर्व त्रुटी एकाच पत्रात कळवाव्यात' हे अर्जासोबतच लेखी द्या. घर समुद्राजवळ असेल तर सीआरझेडचं पान पहिल्या दिवशीच जोडा. आणि दीड महिना हालचाल नसेल तर टिपणी बघायला मागा. माझी फाइल पुढे सरकली ती तो अर्ज गेल्यावरच.

मुख्याधिकाऱ्यांना मी पत्र दिलंय : अर्ज आल्यापासून दहा दिवसांत सगळ्या त्रुटी एकदम कळवा, आणि फाइल कुणाच्या टेबलावर आहे ते अर्जदाराला दिसू द्या. 2 डिसेंबरच्या नगरपरिषद निवडणुकीसाठी दारात आलेल्या प्रत्येक उमेदवाराला त्याची प्रत दिली. एक बाई जोत्यावर बसून पत्र शेवटपर्यंत वाचत होत्या. मग उठून त्यांनी आईला विचारलं, "काकी, पडवी कुठल्या अंगाला येणार?" आईनं त्यांना जोत्यावरून चालत नेऊन दाखवलं.