जळगावचा सात हजारांचा 'जॉब रेडी' क्लास: मी केला, काय कामी आलं आणि काय नाही

मी धरणगाव तालुक्यातली, बीएस्सी केमिस्ट्री. टीवायला, म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना जळगावला एक 'जॉब रेडी' क्लास केला, शनिवार-रविवार, आठ आठवडे, फी ७,००० रुपये. आता नोकरीला लागून चार महिने झाले आणि मागच्या आठवड्यात कॉलेजच्या ज्युनिअर पोरींचे तीन फोन आले की ताई तो क्लास लावू का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. क्लासचं नाव टाकत नाही कारण असे क्लास जळगावात बरेच आहेत आणि सगळ्यांचे बोर्ड सारखेच, नावापेक्षा आत गेल्यावर काय विचारायचं ते कळलं तर तुमचे पैसे वाचतील.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन स्टार. मॉक, म्हणजे सरावाचे इंटरव्ह्यू आणि ऑफर लेटरच्या लेक्चरला पाच, रिझ्युमेला दोन, प्लेसमेंटला शून्य.

आधी प्लेसमेंटचंच सांगते कारण सगळे त्याच्यासाठीच जातात. बोर्डावर 'शंभर टक्के प्लेसमेंट असिस्टन्स' लिहिलंय, तो शेवटचा शब्द नीट वाचा, असिस्टन्स म्हणजे मदत, नोकरीची हमी नाही. ती मदत म्हणजे काय तर एक व्हॉट्सॲप ग्रुप, त्यात रोज दहा-बारा जाहिराती यायच्या, बहुतेक नेटवरून उचललेल्या, काहींची तारीख पण निघून गेलेली. त्यातल्याच एका जाहिरातीवर आमच्या बॅचच्या एका पोराने फोन केला, पलीकडच्याने कंपनीचा शिक्का असलेलं लेटर पाठवलं आणि रजिस्ट्रेशन आणि युनिफॉर्मचे म्हणून १,८०० रुपये मागितले. त्याने भरले. दुसऱ्या दिवशी नंबर बंद. क्लासवाल्यांना विचारलं तर म्हणे आम्ही फक्त फॉरवर्ड केलं. मला ह्याचा आजही राग आहे कारण ते पोरगं पारोळ्याकडून एसटीने यायचं आणि फी पण त्याने कापूस वेचणीच्या पैशातून भरली होती. नोकरी देणारा खरा माणूस तुमच्याकडे पैसे मागत नाही, आणि कोणी फसवलंच तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला फोन करायचा, जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त. हे पहिल्या लेक्चरला सांगायला पाहिजे होतं, आम्हाला घटना घडल्यावर सांगितलं.

आता रिझ्युमे. पहिल्या शनिवारी सगळ्यांना एकच फाईल दिली, दोन कॉलमची, निळी पट्टी, फोटो, स्किलसमोर स्टार, खाली वडिलांचं नाव, लग्न झालंय का, आणि शेवटी 'वरील माहिती खरी आहे' असं डिक्लेरेशन. दिसायला मस्त. मी ती एका कंपनीच्या साईटवर अपलोड केली तर तिथला फॉर्म आपोआप भरला गेला आणि माझा मोबाईल नंबर डिग्रीच्या रकान्यात जाऊन बसला, कॉलेजचं नाव अर्धंच आलं. मग कळलं की मोठ्या कंपन्यांत रिझ्युमे आधी सॉफ्टवेअर वाचतं, आणि दोन कॉलम, टेबल, चित्रं असली की त्याचा घोळ होऊ शकतो. एकच कॉलम, साधा फॉन्ट, एक पान, पीडीएफ, आणि फाईलचं नाव 'न्यू रिझ्युमे फायनल २' नाही तर स्वतःचं नाव, एवढं पुरतं. आणि ते ऑब्जेक्टिव्ह, 'चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंटमध्ये काम करायचंय' वालं, आमच्या बॅचच्या ३२ पोरांच्या रिझ्युमेत शब्दाला शब्द तेच होतं, कंपनीत बसलेल्या माणसाच्या समोर ते ३२ कागद गेले असते तर त्याने काय बघितलं असतं सांगा.

क्लासमध्ये माझा रिझ्युमे सुधारला तो ह्या फाईलमुळे नाही, मॅडममुळे. मॅडम आधी एका फॅक्टरीत एचआरला होत्या, बरीच वर्षं. माझ्या रिझ्युमेत होतं 'प्रोजेक्ट: ॲनॅलिसिस ऑफ वॉटर'. त्यांनी विचारलं कोणतं पाणी. म्हटलं गावातल्या विहिरी-बोअरचं. किती नमुने? चोवीस. काय काढलं? हार्डनेस, म्हणजे पाण्याचा जडपणा, ईडीटीए टायट्रेशनने. मग म्हणाल्या हे का नाही लिहिलं? आणि मी लिहिलं की २४ नमुन्यांचं टायट्रेशन केलं, पीएच १० चा बफर आणि एरिओक्रोम ब्लॅक टी वापरून, आणि आलेले आकडे पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० ह्या मानकाशी ताडून पाहिले, ज्यात लिटरला २०० मिलिग्रॅम योग्य आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. काम तेच होतं, तीन वर्षांत मी केलेलं, पण मला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. पुढे तिन्ही इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न ह्याच ओळीवर आला.

मॉक इंटरव्ह्यू हा ह्या क्लासचा खरा माल. प्रत्येकाचे चार मॉक, मोबाईलवर रेकॉर्ड करतात आणि मग तुमच्यासमोरच लावतात. पहिल्या वेळी मी 'माय सेल्फ' म्हणून सुरुवात केली आणि पाठ केलेलं भाषण अर्ध्यावर अडकलं, घशाला कोरड पडली. मॅडमनी व्हिडिओ बंद केला आणि म्हणाल्या मराठीत सांग, नाहीतर घरी बोलते तसं अहिराणीत सांग, घरात तुला कोण काय विचारतं? मी सांगायला लागले की आबा फवारणीच्या आधी मला विचारतात पंपाला किती मिली टाकायचं, कारण बाटलीवर एकराचं प्रमाण लिहिलेलं असतं आणि पंप असतो पंधरा-सोळा लिटरचा, ते गणित मी नववीपासून करते, वहीत तारीख, औषध, प्रमाण सगळं लिहून ठेवते. मॅडम म्हणाल्या हेच तुझं 'टेल मी अबाऊट युवरसेल्फ', आता हेच इंग्लिशमध्ये सहा वाक्यांत बसव. आधी आपल्या भाषेत मुद्दा पक्का करायचा आणि मग इंग्लिश, ही पद्धत मला दुसरीकडे कुठेच दिसली नाही. आपल्याकडच्या पोरांना येत नाही असं नाहीये, इंग्लिशमध्ये विचार करायला गेलं की आतलं सगळंच गोठतं.

विषयाचे प्रश्न पण मॅडमनी मला आधीच काढून आणायला लावले होते. कास्टिक सोडा प्रायमरी स्टँडर्ड (वजन करून थेट अचूक द्रावण बनवता येतं असा पदार्थ) का नाही, कारण हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साईड ओढतो, म्हणून आधी ऑक्झॅलिक ॲसिडने स्टँडर्डाईज करायचा, हा प्रश्न मला खऱ्या इंटरव्ह्यूत जसाच्या तसा आला. एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन, आमच्या कॉलेजात नव्हतं, मी फक्त पुस्तकातलं चित्र पाहिलेलं. बॅचमधला एक जण म्हणाला ठोकून दे चालवलंय म्हणून. मॅडमनी त्याला तिथेच थांबवलं. म्हणाल्या, "हाताळलं नाही, तत्त्व सांगू शकते" असं म्हण आणि मग कॉलम, मोबाईल फेज, रिटेन्शन टाईम नीट सांग, कारण मशीन दोन महिन्यांत शिकवता येतं, खोटं बोलणाऱ्याला लॅबच्या रजिस्टरवर सही करू देता येत नाही.

एक होमवर्क होतं जे निम्म्या बॅचने केलंच नाही. आपल्या लाईनमधल्या तीन नोकरीवाल्यांना भेटायचं किंवा फोन करायचा, नोकरी मागायची नाही, फक्त विचारायचं की तुमचा दिवस कसा जातो. मी अंकलेश्वरला केमिकल कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाचा दर्जा तपासायच्या कामाला असलेल्या एका सीनिअर दादाला फोन केला, आपल्याकडची केमिस्ट्रीची पोरं सुरतच्या गाडीत बसून तिकडेच जातात ना. तो अर्धा तास बोलला, तीन शिफ्ट, आठवड्याला बदलणारी, रूमवर चार जण, पण दोन वर्षांत जेवढी मशीन हाताखालून गेली तेवढी इथे गेली नसती. दुसरी माती परीक्षणाच्या लॅबमधली ताई. तिसरे आमच्या नात्यातले एक भाऊ, जळगाव एमआयडीसीत ठिबकच्या प्लांटला, त्यांनी सांगितलं की ड्रिपरमधून तासाला किती लिटर पाणी पडतं ते मोजणं पण क्यूसीच असतं. आमच्या शेतात ठिबक आहे आणि त्यामागे केमिस्ट्रीवाल्यांना काम असतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

ऑफर लेटरचं लेक्चर एकच होतं, दोन तासांचं, पण फी त्यातच वसूल. वर्षाला २.४ लाखांचं सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) म्हणजे महिन्याला वीस हजार हातात नाही येत, कारण कंपनीने भरायचा पीएफ पण बऱ्याचदा त्याच आकड्यात धरलेला असतो, वर तुमच्या बेसिक पगारातून पीएफचे १२ टक्के कापले जातात, पगार २१,००० च्या आत असला आणि कंपनी ईएसआयच्या (कामगार विम्याच्या) कक्षेत असली तर त्याचे ०.७५ टक्के. मग मॅडमनी फळ्यावर पुण्याचा रूम-मेसचा खर्च वजा करून दाखवला आणि तोच पगार जळगावात घरून ये-जा करून किती उरतो ते पण. बाँड किती वर्षांचा, तोडला तर किती भरायचे, आणि ओरिजिनल मार्कशीट कोणाकडे ठेवायची नाही, झेरॉक्स द्यायची आणि ओरिजिनल दाखवून परत घ्यायची. हे आमच्या घरात कोणी सांगणारं नव्हतं, माझ्या आधी घरात कोणाला ऑफर लेटर आलंच नव्हतं.

ॲप्टिट्यूड यथातथाच, सर येऊन गणितं सोडवून जायचे, ते यूट्यूबवर फुकट आहे. एक्सेल शिकवतात म्हणतात पण ३२ जणांत कॉम्प्युटर चार, आणि त्यातला एक कायम बंद. व्हीलूकअप मी नंतर मैत्रिणीच्या लॅपटॉपवर शिकले. ॲडमिशनच्या आधी वर जाऊन कॉम्प्युटर मोजा, खरंच.

अजून एक मोठी गोष्ट ह्यांनी सांगितलीच नाही आणि ती म्हणजे सरकारच्या फुकटच्या सोयी. केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल २०१५ पासून आहे, राज्याचं महास्वयंम आहे, जिल्ह्याचे रोजगार मेळावे तिथे कळतात. अप्रेंटिसशिपसाठी, म्हणजे पगारासारखे पैसे घेत कंपनीत काम शिकायला, केंद्राच्या नॅट्स योजनेचं पोर्टल आहे, आणि ती फक्त इंजिनिअर आणि डिप्लोमावाल्यांसाठी असते असं आमच्या कॉलेजात अर्ध्या लोकांना वाटतं, पण साध्या बीए, बीकॉम, बीएस्सीवाल्यांना पण मिळते. २०१९ च्या नियमांत पदवीधराला महिन्याला किमान ९,००० रुपये ठरले होते. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ ला आली तेव्हा पदवीधराला महिन्याला १०,००० ठेवले होते. पीएम इंटर्नशिप त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुरू झाली, १२ महिन्यांची, महिन्याला ५,०००, तेव्हाची अट वय २१ ते २४ आणि फुल टाईम शिकत नसलेले. ह्या योजनांचे आकडे आणि अटी बदलत राहतात, अर्ज करताना पोर्टलवर जाऊन स्वतः वाचायच्या, ग्रुपवरच्या मेसेजवर जायचं नाही.

माझं शेवटी असं झालं की तीन इंटरव्ह्यू दिले, दोन ठिकाणी नाही झालं, एकाने तर कळवलं पण नाही. तिसरी इथलीच, एमआयडीसीतली कंपनी, ट्रेनी म्हणून क्यूसीला, आणि ती जागा मला क्लासच्या ग्रुपवरून नाही, त्या ठिबकवाल्या भावांकडून कळली. फी भरायची होती तेव्हा आबा म्हणाले होते, "पैसा भरी टाक, पन काय शिकनी ते माले रोज सांगजो." मी खरंच रोज सांगायचे, शनिवार-रविवार रात्री जेवताना, आणि पगाराच्या स्लिपचं सांगितलं त्या दिवशी त्यांनी वही आणून पीएफचं गणित स्वतः लिहून घेतलं.

तर ज्यांनी फोन केले त्यांना: टीवायच्या शेवटी नको, पाचव्या सेमिस्टरलाच लावा, परीक्षेच्या तोंडावर चार मॉक नीट होत नाहीत. मॅडम मॉक फक्त रविवारी घेतात, मध्ये दोन रविवार त्या नव्हत्या आणि दुसऱ्याच सरांनी उरकून टाकले, म्हणून ॲडमिशन घेतानाच विचारा की चारही मॉक मॅडमच घेणार का. फी दोन हप्त्यांत चालते पण ते स्वतःहून सांगत नाहीत, मागावं लागतं. पावती घ्या, मला तिसऱ्यांदा मागितल्यावर मिळाली.