अंकलिपी, जुनी बालभारती की आजची पद्धत: घरी वाचन कशावर शिकवावं?

मूल इंग्रजी शाळेत, मराठी मात्र घरी शिकवायचं, असे आईबाबा मला हमखास विचारतात, “आम्ही ज्यावर शिकलो तेच पुस्तक आणू का?” जरूर आणा. पण सुरुवात त्याने करू नका.

आधी अंकलिपी. स्वस्त, कुठेही मिळणारी, आणि अ ते ज्ञ ओळीने. अडचण त्या ओळीतच आहे. ङ आणि ञ लवकर येतात, त्यांचे शब्द मुलाला कुठेच भेटत नाहीत. ण आणि ळ ने तर मराठीत शब्द सुरूच होत नाही, म्हणून ‘ण बाणाचा’, ‘ळ बाळाचा’ म्हणावं लागतं. माझी पाच वर्षांची भाची ‘ए एडक्याचा’वर बोट ठेवून खणखणीत आवाजात म्हणाली, “म मेंढीचा!” चित्र तिनं बरोबर ओळखलं, म चा आवाजही बरोबर पकडला, पण अक्षर शिकायचं राहून गेलं. एडका, ऐरण, उखळ या वस्तू तिच्या घरात नाहीत आणि रस्त्यातही नाहीत. वर्णमाला पाठ व्हावी, पाढे म्हणावेत, यासाठी अंकलिपी चांगली. वाचन तिच्यावर येत नाही.

जुन्या बालभारतीवर माझं प्रेम आहे. पाठ्यपुस्तक मंडळ १९६७ साली स्थापन झालं आणि त्यानंतरच्या पिढ्यांना ‘कमल नमन कर’, ‘छगन कमळ बघ’ आजही आठवतं. त्यामागचा विचार स्वच्छ होता: आधी बिनकान्यामात्र्याचे शब्द, मग काना, मग वेलांटी. एका वेळी एकच नवी गोष्ट आणि तिचा भरपूर सराव. पण काना-मात्रा नसलेली क्रियापदं शोधायला गेलात की कर, बघ, धर, बस अशीच हाती लागतात, म्हणजे सगळ्या आज्ञाच. नावंही तशीच निवडावी लागतात. घरात कोणी असं बोलत नाही.

यापेक्षा मोठी अडचण उच्चाराची आहे. ‘कमळ’ हा शब्द सोपा दिसतो, पण सुटी अक्षरं म्हणताना मूल क, म, ळ पूर्ण उच्चारतं आणि शब्द म्हणताना मात्र शेवटचा अ गिळावा लागतो. भाची कितीतरी वेळ “क…म…ळ” म्हणत माझ्याकडे बघत बसली होती. ‘मामा’मध्ये हा घोळ नाही. जसं लिहिलं तसंच ऐकू येतं.

आजची अक्षरगटांची पद्धत म्हणूनच मला सुरुवातीला बरी वाटते. थोडीच अक्षरं घ्यायची आणि काना लगेच जोडायचा. क, ल, म, आ आणि काना, एवढ्यावर काका, मला, काम होतात आणि चक्क ‘काल मामा आला’ हे वाक्य तयार होतं. आमच्याकडे मामा खरोखरच आदल्या दिवशी येऊन गेला होता. तिनं ते वाक्य वाचलं आणि दाराकडे बघितलं! त्या क्षणी तिला कळलं की अक्षरं काहीतरी सांगतात. ‘छगन कमळ बघ’ने असं घडताना मी पाहिलेलं नाही.

उणीव एकच. घरी असा सराव पुरेसा करून घेणारं साहित्य आपल्यालाच जमवावं लागतं. इथे जुनी बालभारती कामाला येते. दोन-तीन गट झाले की ती काढा, तिच्यातली पुनरावृत्ती तेव्हा मुलाला आवडते, कारण सगळं वाचता येतं. सोबत प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरच्या मराठी गोष्टी घ्या. त्या फुकट आहेत आणि चार पातळ्यांत लावलेल्या आहेत. परदेशात राहणाऱ्यांना तर याहून सोयीचं काही नाही.

रद्दीतून किंवा आजोबांच्या पेटीतून बालभारतीहूनही जुनं पुस्तक मिळालं, तर आधी एक पान चाळा. ‘नाहीं’, ‘कां’, ‘तूं’ असे अनुस्वार दिसले तर ते बहुधा १९६२च्या लेखननियमांआधीचं आहे. ते मुलाला वाचून दाखवा, त्यावर लिहायला मात्र शिकवू नका. ॲ आणि ऑ वर्णमालेत २००९च्या शासननिर्णयाने आले, त्यामुळे जुन्या तक्त्यांत ते सापडणार नाहीत. बॅट, बॉल, डॉक्टर हे मुलाचे रोजचे शब्द आहेत, तेव्हा ही दोन अक्षरं तक्त्याच्या कडेला पेननं लिहून ठेवा.