जिरेनियम रोझॅन: पैसा वसूल, फक्त शेजारी नाजूक काही लावू नका

साडेचार स्टार. अर्धा का कापला ते खाली येईलच, पण घाईत असाल तर एवढंच वाचा: इंग्लंडात घर घेतलंय, मागे जेमतेम लॉन आणि फेन्सच्या कडेनं एक वाफा आहे, नोकरी-पोरं सांभाळून बागेला रविवारचा तासभर मिळतो, तर पहिलं झाड हे घ्या, गुलाबाच्या नादी नंतर लागा.

घेताना एक बघा. गार्डन सेंटरमध्ये जिरेनियम म्हणून लाल-गुलाबी फुलांची खिडकीतल्या कुंड्यांसाठी जी झाडं मांडलेली असतात ती पेलार्गोनियम, पहिल्या कडक थंडीत खलास. रोझॅन पेरेनियलच्या, म्हणजे दरवर्षी मुळापासून परत येणाऱ्या झाडांच्या सेक्शनमध्ये मिळते आणि लेबलवर बहुतेक वेळा 'गर्वाट' असंही असतं, तेच या व्हरायटीचं अधिकृत नाव.

आता फुलाबद्दल. निळसर जांभळं, दोनेक इंचांचं, मधोमध पांढरं आणि त्यावर जांभळट शिरा बाहेर गेलेल्या. देठ इतका बारीक की भुंग्यासारखी ती जाडी बम्बलबी येऊन बसली की फूल भस्सकन खाली वाकतं, मग ती उलटी लटकून तशीच आपलं काम उरकते. जूनला सुरू झालं की पहिलं दव गोठेपर्यंत, म्हणजे आमच्या लेस्टरला ऑक्टोबर संपेस्तोवर फुलं चालू. कारण सोपं आहे, हे झाड वांझ आहे, बी धरतच नाही, त्यामुळे बी झालं आता बस असं त्याला कधी वाटतच नाही. वाळकी फुलं खुडत बसायचं कामही नाही.

आणि गंमत म्हणजे दोन्हीकडचं घराणं हिमालयातलं. एक पालक जिरेनियम हिमालयेन्स, दुसरा वॉलिचियानम, ज्याला कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनचे प्रमुख असलेल्या वॉलिच साहेबांचं नाव आहे. यांचा संकर १९८९ मध्ये सॉमरसेटला डोनाल्ड आणि रोझॅन वॉटरर या जोडप्याच्या बागेत सापडला, २००० साली बाजारात आला, २००८ ला अमेरिकेत पेरेनियल ऑफ द इयर झाला आणि २०१३ ला लंडनच्या चेल्सी फ्लॉवर शो या फुलझाडांच्या प्रदर्शनाच्या शंभरीत लोकांनी मतं देऊन याला शतकाचं झाड ठरवलं. एरवी असल्या बक्षिसांवर माझा फारसा विश्वास नाही, पण हे बरोबर दिलंय.

माझं झाड ऑनलाइन मागवलेलं, दुकानाचं नाव घेत नाही. नऊ सेंटीमीटरची कुंडी, खोक्यात आडवी पडलेली, अर्धी माती पुठ्ठ्यात, वर दोन पिवळी पानं आणि एक मोडका देठ. फोटो पाठवला तर उत्तर आलं की सीझनच्या सुरुवातीला झाड असंच दिसतं! तसं पाहिलं तर निम्मं खरं आहे, एप्रिलमध्ये ही मंडळी नुकतीच जमिनीतून वर येत असतात, पण म्हणून माती सांडलेली कशी चालेल? तुम्ही कुंडी हातात आली की उपडी करून मुळं बघा. पांढरी, भरगच्च मुळं असली की वरच्या पानांची काळजी नको. मुळांमध्ये पांढऱ्या, वाकड्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या दिसल्या तर मात्र ती वाइन वीव्हिल, मुळं खाणारी कीड, झाड सरळ परत करा, वाफ्यात नेऊच नका.

इथली माती चिकण, पावसात चिखल आणि उन्हात वीट. खड्ड्यात कंपोस्ट मिसळून लावली, पहिला उन्हाळा नियमित पाणी घातलं, तेवढंच. अर्ध्या सावलीतही येते पण फुलं जरा कमी. स्लग, म्हणजे बिनशंखाच्या गोगलगायी, आमच्याकडे होस्टा या रुंद पानांच्या झाडाची चाळण करतात, हिला ढुंकून बघत नाहीत. २०२२ च्या जुलैत इंग्लंडात पहिल्यांदा पारा चाळिशीपार गेला तेव्हा पानं करपली, मग कात्रीनं सगळं जमिनीपासून चार बोटं ठेवून कापलं, भरपूर पाणी दिलं आणि थोड्याच दिवसांत नवा हिरवा झुपका वर. ही छाटणी आता दर जुलैत करते, मधला भाग उघडा पडून झाड विस्कटत नाही.

आता तो अर्धा स्टार. ही पसरते म्हणजे बेसुमार पसरते, एका झाडाला मीटरभर जागा धरा. फांद्या शेजारच्या झाडांच्या अंगावर चढतात, गुलाबाच्या बुंध्याशी ते छान दिसतं, पण शेजारी बुटकं नाजूक काही असेल तर ऑगस्टपर्यंत ते दिसेनासं होतं. फांद्यांना मुळं फुटत नाहीत, त्यामुळे बाग बळकावण्याची भीती नाही, थंडीत सगळं वाळून परत त्या एका गड्ड्यापाशी येतं. आणि मग वर काहीच उरत नाही! आमच्या सासूबाई डिसेंबरात आल्या होत्या, झाड मेलं म्हणून खणायलाच निघालेल्या, कसंबसं थांबवलं. तिथे एक काठी खोचून ठेवा, मार्चमध्ये कोंब येतात.

दुसरं झाड हवं असेल तर बी नाही, वसंतात गड्डा धारदार फावड्यानं कापून वेगळा करायचा. पुण्या-मुंबईहून विचारणाऱ्यांसाठी, तिकडे एप्रिल-मेच्या उन्हात हिचा निभाव लागणं अवघड आहे, उगाच पैसे घालवू नका.